फोटोतले स्टेशन कोणते?

मुलांनो, समजा तुम्ही धाराशिव जिल्ह्यातील बेंबळी या गावी राहता. बेंबळीला रेल्वे स्टेशन नाही. गाडीत बसायचे असेल तर आधी एस.टी.ने किंवा जीपने धाराशिवला जावे लागते. पण अशा गावात बसूनही देशातील कितीतरी स्टेशने पाहता येतात आणि ओळखताही येतात. त्यासाठी तिकीट लागत नाही. काही फोटो, एक नकाशा, एक वही आणि तीक्ष्ण नजर एवढे पुरे.

हा एक खेळ आहे. एकाने स्टेशनचा फोटो सर्वांपुढे ठेवायचा. फोटोत स्टेशनचे नाव दिसत असेल तर त्यावर कागदाची पट्टी लावून ते झाकायचे. बाकीच्यांनी फोटो नीट पाहून ते स्टेशन कोणते, हे सांगायचे. मात्र नुसते नाव सांगून भागत नाही. "हे कशावरून?" असे लगेच विचारले जाते. त्याचे उत्तर फोटोतूनच दाखवावे लागते. रेल्वेचे शौकीन लोक हा खेळ फार आवडीने खेळतात. याच्या जवळचा एक खेळ २०१३ साली स्वीडन देशात तयार झाला. त्याचे नाव 'जिओगेसर'. त्यात जगातल्या कोठल्या तरी रस्त्याचे चित्र समोर येते आणि ती जागा कोठे आहे ते नकाशावर दाखवायचे असते. आपला स्टेशनांचा खेळ त्यापेक्षा सोपा आहे, कारण रेल्वे आपल्या खुणा जागोजागी ठेवून जाते.

पहिली खूण म्हणजे स्टेशनच्या नावाचा फलक. फलक हा शब्द वाचून तुम्ही चमकला असाल. उर्दूत फलक म्हणजे आकाश! मराठीत मात्र फलक म्हणजे पाटी. तुम्ही वर आकाशाकडे पाहू नका, फलाटाच्या टोकाकडे पाहा. तेथे पिवळ्या रंगाची मोठी पाटी असते आणि तिच्यावर काळ्या अक्षरांत नाव लिहिलेले असते. फलाटाच्या दोन्ही टोकांना अशी पाटी लावतात. धावत्या गाडीतूनही नाव वाचता यावे म्हणून अक्षरे मोठी ठेवतात.

आता नाव झाकले तरी फलकाच्या भाषा लपत नाहीत. पट्टी थोडी अरुंद घ्या, म्हणजे अक्षरांचा वरचा किंवा खालचा भाग दिसत राहील. त्या राज्याची भाषा, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषा फलकावर साधारणपणे असतात. गुजराती अक्षरांना शिरोरेषा नसते. शिरोरेषा म्हणजे अक्षरांच्या डोक्यावरची आडवी रेघ. बंगाली अक्षरांना ती असते, पण अक्षरे टोकदार, त्रिकोणी दिसतात. ओडिया अक्षरांची डोकी गोल असतात. तमिळ अक्षरे एकमेकांपासून सुटी सुटी उभी असतात. कानडी आणि तेलुगू या दोन लिप्या मात्र सारख्याच वळणदार असल्यामुळे नवख्या माणसाला त्यांतला फरक चटकन कळत नाही. त्यासाठी दोन्ही लिप्यांचे नमुने वहीत शेजारी शेजारी चिकटवून ठेवावेत.

आणि उर्दू? येथे तुमचे पारडे जड आहे. उत्तर प्रदेशातील पुष्कळ स्टेशनांवर हिंदी व इंग्रजीबरोबर उर्दूत नाव लिहिलेले असते. हैदराबाद आणि सिकंदराबाद येथे उर्दूच्या सोबतीला तेलुगू असते. नवी दिल्लीच्या फलकावर उर्दू आहे आणि पंजाबी भाषेची गुरुमुखी लिपीही आहे. म्हणजे पाहा, नुसते उर्दू दिसले म्हणून राज्य ठरत नाही. उर्दूच्या शेजारी कोण बसले आहे, ते पाहावे लागते. तेलुगू असेल तर तेलंगणाकडे चला. गुरुमुखी असेल तर दिल्लीचा विचार करा. देवनागरी आणि इंग्रजी एवढेच असेल तर उत्तर प्रदेशाची शक्यता मोठी. ज्याला उर्दू वाचता येत नाही त्याला ही ओळ म्हणजे नक्षी वाटते. तुम्ही ती उजवीकडून डावीकडे सहज वाचता. पट्टीखालून एखादे अक्षर डोकावले तरी तुम्हांला अर्धे नाव कळते.

महाराष्ट्रातील फलकांची एक गंमत आहे. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा देवनागरी लिपीत लिहितात. म्हणून आपल्याकडच्या फलकांवर एकच नाव देवनागरीत दोनदा लिहिलेले दिसते. पाहणाऱ्याला वाटते, हे दोनदा कशाला? पण नीट पाहा. मराठीत 'नागपूर' लिहितात, हिंदीत 'नागपुर'. 'पू' दीर्घ की ऱ्हस्व, एवढाच फरक. 'भुसावळ' हे मराठी, 'भुसावल' हे हिंदी. मराठीतला 'ळ' हिंदीच्या ओळीत गेला की त्याचा बहुधा 'ल' होतो. हे 'ळ' अक्षर उर्दूतही नाही, म्हणून ते उच्चारताना तुमची जीभ थोडी अडखळत असेल. बेंबळी या नावातही तेच अक्षर आहे. तेव्हा देवनागरीच्या दोन ओळी आणि त्यांत 'पूर-पुर' किंवा 'ळ-ल' असा फरक दिसला, तर स्टेशन महाराष्ट्रातले असण्याचा संभव फार मोठा आहे.

फलकाच्या खालच्या भागात बारीक अक्षरांत एक आकडा असतो. तो पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ती त्या स्टेशनची समुद्रसपाटीपासूनची उंची असते. खेळाडूसाठी हा आकडा म्हणजे खजिना आहे. मुंबईच्या किनाऱ्याजवळ तो अगदी लहान असतो. पुण्याला तो साडेपाचशे मीटरांहून अधिक होतो. घाट चढून लोणावळ्याला पोहोचलात की सहाशेच्याही पुढे जातो. पश्चिम बंगालमध्ये दार्जिलिंगजवळ घूम नावाचे स्टेशन आहे. त्याची उंची २२५८ मीटर आहे. भारतात याहून उंचावर रेल्वे स्टेशन नाही. म्हणून नाव झाकताना हा आकडा उघडा ठेवायचा की नाही, ते आधी ठरवून घ्या. नाहीतर खेळात भांडण ठरलेलेच!

नावाच्या शेवटी येणाऱ्या शब्दालाही अर्थ असतो. 'जंक्शन' म्हणजे जेथे रेल्वेचे फाटे फुटतात ते स्टेशन. 'टर्मिनस' म्हणजे जेथे गाडीचा मार्ग संपतो ते. आणि 'रोड'? येथे फसू नका. 'कळंब रोड' हे स्टेशन कळंब गावात नाही. कळंब तेथून बरेच दूर आहे. 'या स्टेशनवर उतरा आणि पुढे रस्त्याने त्या गावी जा,' असा त्या 'रोड'चा अर्थ आहे. आजच्या कुर्डुवाडी स्टेशनचेही पूर्वीचे नाव 'बार्शी रोड' असे होते.

बार्शीचे नाव निघाले, तेव्हा आता रुळांकडे वळू. आपल्या भागातील रेल्वेची खरी कहाणी तेथेच आहे.

रुळांच्या दोन पट्ट्यांमधील अंतराला गेज म्हणतात. भारतात आज बहुतेक मार्ग ब्रॉडगेज आहेत. त्यांतील अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट असते. मीटरगेजचे अंतर नावाप्रमाणेच एक मीटर. नॅरोगेज त्याहून अरुंद, अडीच फूट किंवा दोन फूट. फोटोत पट्टी लावून हे अंतर मोजता येत नाही, कारण फोटो लहान-मोठा असतो. मग काय करावे? रुळांजवळ उभा असलेला माणूस शोधावा. साडेपाच फूट म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाएवढे अंतर. तो माणूस रुळांवर आडवा निजला आहे अशी कल्पना करा. त्याचे डोके एका रुळावर आणि पाय दुसऱ्या रुळावर आले, तर ते ब्रॉडगेज. अडीच फुटांच्या रुळांवर त्याचे अर्धे अंगही मावणार नाही. (हे कल्पनेतच करायचे, बरे का!) मात्र तो माणूस रुळांच्या अगदी जवळ उभा असला पाहिजे. दूरचा माणूस फोटोत लहान दिसतो आणि हिशेब चुकतो.

आपल्या भागात एकेकाळी अशी अडीच फुटांची रेल्वे होती. तिचे नाव बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने ती उभारली. १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे ती वाढत गेली. एका बाजूला पंढरपूर, दुसऱ्या बाजूला १९११ साली लातूर आणि १९२७ साली मिरज. सारी मिळून सुमारे सव्वातीनशे किलोमीटर लांबीची ही छोटी गाडी होती. पंढरपूरचे वारकरी, लातूरच्या बाजारपेठेचा माल, लग्नाची वऱ्हाडे, सगळे तिच्यातून जात. १९५४ साली ती सरकारने घेतली. नंतर हळूहळू तिचे रुळ रुंद करण्यात आले. कुर्डुवाडी ते पंढरपूर हा भाग २००२ पर्यंत ब्रॉडगेज झाला. लातूर ते उस्मानाबाद हा भाग २००७ मध्ये आणि उस्मानाबाद ते कुर्डुवाडी हा भाग २००८ मध्ये ब्रॉडगेज होऊन सुरू झाला.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. जुनी छोटी गाडी जिल्ह्याच्या शहरातून जात नव्हती. ती येडशीवरून जाई आणि शहर बाजूला राहत असे. रुळ रुंद करताना मार्ग वळवला आणि तो शहराजवळून नेला. म्हणून शहराला स्वतःचे स्टेशन मिळाले ते त्या वेळी, आणि तेही ब्रॉडगेजवरचे.

आता एक कोडे सोडवा. तुम्हांला कोणी एक जुना फोटो दाखवला. त्यात अरुंद रुळ आहेत, त्यांवर लहानसे काळे इंजिन उभे आहे आणि खाली लिहिले आहे, 'उस्मानाबाद स्टेशन, १९६०'. फोटो खरा असेल. इंजिनही खरे असेल. पण खाली लिहिलेले नाव चूक आहे, कारण उस्मानाबाद शहरात अरुंद रुळ कधी आलेच नाहीत. मग तो फोटो कोठला असेल? येडशी, कळंब रोड, ढोकी, मुरूड, बार्शी, लातूर यांपैकी एखाद्या स्टेशनचा असू शकेल. नक्की कोणते ते ठरवायला आणखी खुणा हव्यात. त्या सापडेपर्यंत वहीत एवढेच लिहायचे: 'बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गावरील एक स्टेशन. उस्मानाबाद नव्हे.' बेंबळीच्या मुलाला हे सांगता आले, तर मुंबईच्या मोठ्या शौकिनालाही त्याच्यापुढे मान तुकवावी लागेल.

ही छोटी रेल्वे आता धावत नाही. तिची पुष्कळ लहान स्टेशने निरुपयोगी झाली. कोठे एखादी भिंत उभी आहे, तर कोठे नुसता मातीचा बांध उरला आहे. पण लोकांच्या घरी, पेटीत, जुन्या अल्बममध्ये तिचे फोटो अजून सापडतात. वारीला निघालेले आजोबा, गाडीच्या दारात उभी असलेली नवी नवरी, मागे अर्धवट दिसणारा फलक. त्या फोटोंवर बहुधा नाव नसते, सालही नसते. ज्यांना ठाऊक आहे ती माणसे म्हातारी झाली आहेत. आपला हा खेळ अशा वेळी फार उपयोगी पडतो.

जाता जाता आणखी एक नवल सांगतो. याच कॅलथ्रॉप साहेबांनी इंग्लंडमध्येही अडीच फुटांची एक रेल्वे उभारण्याचे काम पाहिले. लीक अँड मॅनिफोल्ड असे तिचे नाव. ती १९०४ साली सुरू झाली आणि १९३४ साली बंद पडली. तिची इंजिने आणि डबे इंग्लंडमधल्यांपेक्षा आपल्याकडच्यांशी अधिक मिळतेजुळते होते. तिचा फोटो समोर आला तर, "अरे, ही तर बार्शीची गाडी!" असे तोंडून निघून जाईल. मग फलकावरची लिपी, आजूबाजूचे डोंगर आणि माणसांचे कपडे पाहायचे. फलकावर इंग्रजीशिवाय दुसरी लिपीच नाही, हे ध्यानात आले की फसगत टळते.

इमारत हा शब्द उर्दूत आणि मराठीत एकाच अर्थाचा आहे. स्टेशनची इमारत पाहताना आधी ती कशाची बांधली आहे ते पाहा. दख्खनच्या पठारावर काळा दगड मिळतो, म्हणून जुनी स्टेशने काळ्या दगडाची आहेत. कोकणात जांभा नावाचा तांबडा दगड मिळतो आणि पाऊस फार पडतो. म्हणून तेथे उतरती कौलारू छपरे दिसतात. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग मात्र १९९८ साली सुरू झाला. त्यामुळे मुंबई ते मंगळूर मार्गावरच्या रत्नागिरी किंवा कणकवली स्टेशनचा फोटो कोणी १९७० सालचा म्हणून दाखवला, तर तो कबूल करू नका.

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ओळखायला कोणालाच कष्ट पडत नाहीत, असे तुम्हांला वाटेल. एवढा मोठा घुमट, एवढे कोरीवकाम! फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुशिल्पज्ञाने त्याचा आराखडा केला. १८७८ साली काम सुरू झाले आणि ते पुरे व्हायला दहा वर्षे लागली. २००४ साली युनेस्कोने या इमारतीला जागतिक वारशाचा मान दिला. पण येथेही लोक फसतात. याच स्टीव्हन्सने स्टेशनसमोर मुंबई महानगरपालिकेची इमारत बांधली. तिलाही घुमट आहे. चर्चगेटसमोरची पश्चिम रेल्वेच्या मुख्य कचेरीची इमारतही त्याचीच. या तीन इमारती सख्ख्या भावंडांसारख्या दिसतात. मग खरे स्टेशन कोणते? फाटकाचे खांब पाहा. एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ बसला आहे. सिंह ब्रिटनची खूण आणि वाघ हिंदुस्थानची. हे दोघे दिसले की स्टेशन ठरले.

मला स्वतःला मात्र अशा भव्य स्टेशनांपेक्षा साधी स्टेशने अधिक आवडतात. मुंबईतच भायखळा स्टेशन आहे. भारतातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, त्या पहिल्या मार्गावरचे हे स्टेशन. त्याची जुनी दगडी इमारत पुन्हा नीट करण्यात आली आणि त्या कामाला २०२२ साली युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा पुरस्कार मिळाला. रोज हजारो लोक तिच्याकडे न पाहता तिच्यातून जातात.

नेरळ ते माथेरान ही दोन फुटी रुळांची गाडी तर लहान मुलांची लाडकी आहे. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने आपला पैसा लावून ती उभारली आणि १९०७ साली ती सुरू झाली. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान अशी तिच्या स्टेशनांची नावे आहेत. लाल माती, दाट झाडी आणि अगदी अरुंद रुळ या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की महाराष्ट्रात दुसरीकडे कोठे जायलाच नको.

आणि नवापूर! नंदुरबार जिल्ह्यातील हे स्टेशन दोन राज्यांत आहे. त्याचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही भाग गुजरातमध्ये. फलाटावर एक बाक आहे. त्याचा अर्धा भाग एका राज्यात आणि उरलेला अर्धा दुसऱ्या राज्यात. त्यावर तसे लिहिलेलेही आहे. त्या बाकाचा फोटो पाहून "राज्य कोणते?" असे विचारले तर दोन्ही उत्तरे बरोबर.

आतापर्यंत आपण 'कोठे' याचा विचार केला. 'केव्हा' हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे, आणि मला वाटते, तो जास्त मजेदार आहे. मुंबईच्या त्याच मोठ्या स्टेशनवर 'व्हिक्टोरिया टर्मिनस' असे नाव दिसले तर फोटो १९९६ च्या आधीचा. 'छत्रपती शिवाजी टर्मिनस' असेल तर १९९६ ते २०१७ या काळातला. 'महाराज' हा शब्द असेल तर त्यानंतरचा. एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले ते २०१८ साली. आपल्या जिल्ह्याचे व शहराचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झाले, पण स्टेशनचे नाव बदलले २०२५ मध्ये. म्हणून फलकावर 'उस्मानाबाद' असेल तर तो फोटो स्टेशन सुरू झाल्यापासून २०२५ पर्यंतचा आहे, आणि 'धाराशिव' असेल तर त्यानंतरचा. पाटीवरची अक्षरे अशी आपोआप तारीख सांगतात. एखाद्या घरात जुने तिकीट असेल तर त्यावर 'यूएमडी' हा या स्टेशनचा जुना कोड सापडेल. ते तिकीट फेकू नका.

डब्यांचा रंगही काळ सांगतो. जुन्या गाड्यांचे डबे विटकरी तांबडे असत. १९९० नंतरच्या वर्षांत ते निळे होऊ लागले. वाफेचे इंजिन ब्रॉडगेजवर नेहमीच्या प्रवासी गाडीला १९९५ पर्यंतच दिसे. वर विजेच्या तारा नाहीत, याचा अर्थ त्या मार्गावर तेव्हा वीज आलेली नव्हती. मात्र एकाच खुणेवर विसंबू नका. जुना डबा रंग न बदलता पुष्कळ वर्षे चालतो, आणि हौसेने चालवलेल्या खास गाडीला वाफेचे इंजिन आजही लावतात. दोन-तीन खुणा एकच गोष्ट सांगू लागल्या म्हणजे मग बोलावे.

सावलीचेही तसेच. हिवाळ्यात भर दुपारी आपल्याकडे सावली उत्तरेला पडते. तेव्हा लोक स्वेटर घालून उभे आहेत आणि सावल्या आखूड आहेत, असा फोटो असेल तर त्यातली उत्तर दिशा तुम्हांला कळली. दिशा कळली की रुळ पूर्व-पश्चिम जातात की दक्षिणोत्तर, तेही कळते आणि नकाशावर शोध सोपा होतो. पण मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस आपल्या भागात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. त्या दिवसांत ही खूण कामाची नाही.

हे सारे गमतीसाठीच आहे का? थोडे थांबा. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी मोबाइल आहे. त्यावर एक फोटो पुन्हा पुन्हा फिरत असतो. गाडीच्या टपावर, इंजिनावर, दारांत माणसेच माणसे. डबा दिसतच नाही. खाली लिहिलेले असते, 'पाहा भारतातील रेल्वेची गर्दी'. असे कितीतरी फोटो खरे म्हणजे बांगलादेशातील आहेत. ढाक्याजवळ टोंगी येथे दरवर्षी विश्व इज्तिमा भरतो. त्याला लाखो लोक जातात आणि परतताना गाड्यांवर अशी गर्दी होते. फोटो खोटा नाही, त्याचे नाव खोटे आहे. आपल्या खेळातला मुलगा तो कसा ओळखेल? डब्यांवर किंवा फलकावर बंगाली लिपी आहे. देवनागरी कोठेच नाही. वर विजेच्या तारा नाहीत. बांगलादेशाच्या पूर्व भागात मीटरगेजचे मार्ग पुष्कळ आहेत, म्हणून रुळ अरुंद दिसतात. एवढ्या खुणांवरून फोटो भारतातला नसावा असे म्हणता येते. असाच चुकीच्या नावाचा फोटो कधी दंगलीच्या, कधी अपघाताच्या बातमीबरोबर फिरतो आणि लोक घाबरतात, चिडतात. तो पुढे पाठवण्याआधी "हे कशावरून?" एवढे विचारणारा एक जण घरात असला तर बरे.

आता खेळाची तयारी. फोटो जमवण्यासाठी रुळांवर जायचे नाही. विनापरवाना रुळ ओलांडणे हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, आणि धावत्या गाडीजवळ फोटो काढण्याच्या नादात कित्येकांचे प्राण गेले आहेत. वर्तमानपत्रे, जुनी कॅलेंडरे, रेल्वेची वेळापत्रके, पोस्टाची तिकिटे यांतून पुष्कळ चित्रे मिळतात. प्रत्येक चित्र पुठ्ठ्यावर चिकटवा. पाठीमागे उत्तर लिहून कागदाने झाका.

गुण असे ठेवा. राज्य बरोबर सांगितले तर एक गुण. मार्ग सांगितला तर दोन. स्टेशन सांगितले तर तीन. काळ सांगितला तर आणखी दोन. प्रत्येक उत्तराला फोटोतली निदान एक खूण दाखवलीच पाहिजे. खूण न दाखवता नाव बरोबर आले तरी शून्य. "एवढ्यावरून ठरत नाही," असे कारण देऊन सांगितले आणि ते पंचांना पटले, तर एक गुण. हा शेवटचा नियम काही मुलांना आवडत नाही. त्यांना वाटते, उत्तर न देता गुण कसा? पण तो काढून टाकला की मुले तोंडाला येईल ते नाव ठोकून देतात आणि खेळाची मजा जाते.

घरातील जुने फोटो मात्र पुठ्ठ्यावर चिकटवू नका. ते आजी-आजोबांसमोर ठेवा आणि विचारा: हे कोठले स्टेशन? तुम्ही कोठे निघाला होता? पाऊस होता का? गाडी छोटी होती की मोठी? ते जे सांगतील ते वहीत लिहा. मग फोटोतल्या खुणांशी ताडून पाहा. आजोबा म्हणतील लातूर आणि फलकाचे दिसणारे अक्षर 'मु' असेल, तर तो मुरूडचाही असू शकतो. दोन्ही लिहून ठेवा, कोणी काय सांगितले तेही लिहा. फोटोच्या मागे लिहायचे असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. शाईने लिहू नका. शाई कागदात झिरपते आणि काही वर्षांनी समोरच्या बाजूला, नेमकी कोणाच्या तरी चेहऱ्यावर उमटते.